हेडफोनची गादी बदला, आवाज वाढवू नका

आपल्या वस्तीत आता जवळपास प्रत्येक घरात एखादा तरी हेडफोन असतो. कुणी त्यावर बारावीचे किंवा स्पर्धा परीक्षेचे तास ऐकतं, कुणाची नोकरी कॉल सेंटरमध्ये आहे, तर कुणी पत्र्याच्या खोलीत माइक लावून गाणी रेकॉर्ड करतं. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू, शेजारी मिक्सर चालू आणि दाराबाहेर रस्ता. अशा ठिकाणी ज्याला अभ्यास करायचा आहे त्याला हेडफोन लागणारच. तेव्हा ‘हेडफोन वापरूच नका’ असा उपदेश आम्ही करणार नाही.

आरोग्य शिबिरात मात्र दोन प्रश्न आम्हाला वारंवार ऐकायला मिळतात. पहिला: “ताई, हेडफोनच्या गादीचे काळे पापुद्रे कानाला चिकटतात, खाज येते, काय करू?” दुसरा: “आवाज कमीच येतो, अ‍ॅम्प्लिफायर घेतला तर बरं पडेल का?” हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण बऱ्याच वेळा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातच असतं.

गादी का फाटते?

कानावर बसणाऱ्या हेडफोनची गादी म्हणजे आत स्पंज आणि वर पातळ रेक्झिन. हे रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर. घाम, केसांचं तेल आणि दमट हवा लागून तो थर आतून कमकुवत होत जातो. आधी त्याला भेगा पडतात, मग पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत हे लवकर होतं. हेडफोन कपाटात नुसता पडून राहिला तरी काही वर्षांत गादी चिकट होते. यात वापरणाऱ्याचा दोष नसतो. गादी ही झिजणारीच वस्तू आहे, चपलेच्या तळासारखी.

गादी पुसायची असेल तर कापड साध्या साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा, त्याने पुसा आणि वाऱ्यावर वाळवा. सॅनिटायझर किंवा स्पिरिट रोज लावलं तर रेक्झिन लवकर तडकतं. खोबरेल तेल लावून ‘मऊ’ करण्याचाही उपयोग नाही, उलट त्यावर मळ धरतो.

त्वचेला आणि कानाला काय होतं?

फाटक्या गादीतला स्पंज घाम शोषून ओलाच राहतो. ओलावा, ऊब आणि मळ एकत्र आले की जंतू आणि बुरशी दोघांचंही फावतं. कानाभोवती पुरळ उठतं, केसांच्या मुळाशी बारीक पुळ्या येतात, कानामागे लाल चट्टा पडतो. काहींना रेक्झिनची किंवा चिकटवायच्या गोंदाची अ‍ॅलर्जी असते. त्यांना जिथे गादी टेकते तिथेच गोल खाज येते.

कानाच्या नळीत बुरशी झाली तर जोराची खाज सुटते, कान गच्च वाटतो, कधी काळपट किंवा पांढरं काही बाहेर येतं. अशा वेळी काडी, हेअरपिन, गरम तेल यातलं काहीही कानात घालू नका. डॉक्टर आधी कान साफ करतात आणि मग औषध देतात. कान वाहत असेल तर तो पूर्ण कोरडा होईपर्यंत कुठलाही हेडफोन किंवा इअरफोन लावू नका. ज्यांना मधुमेह आहे त्यांचा कान आतून खूप ठणकत असेल, विशेषतः रात्री, तर ते दुखणं अंगावर काढू नका. त्यांच्यात हा संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो.

घरात एकच हेडफोन तिघं वापरत असतील तर निदान प्रत्येक वेळी गादी पुसून द्या, आणि कुणाचा कान वाहत असेल तर त्याचा हेडफोन वेगळा ठेवा. कॉल सेंटरमध्ये एकच हेडसेट दोन पाळ्यांत दोघांच्या कानावर जात असेल, तर स्वतःसाठी वेगळी गादी किंवा स्पंजचं कव्हर मागा. ही किरकोळ किमतीची वस्तू आहे. ती मागायला लाजू नका, चौघांनी मिळून मागितली तर लवकर मिळते.

गादी फाटली की आवाज का घटतो?

या मुद्द्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. गादीचं काम नुसतं मऊ लागण्याचं नाही. ती कानाभोवती हवाबंद कडं करते. ते कडं घट्ट असलं की ढोलकी, तबला, बेस यांचा खालचा आवाज आत टिकतो आणि बाहेरचा गोंगाट बाहेर राहतो. गादी चेपली, फाटली की फटीतून खालचा आवाज निसटतो आणि रस्त्याचा आवाज आत येतो. मग आपण काय करतो? बटण वर सरकवतो. हेडफोनमध्ये बिघाड नसतो, फोनही ठीक असतो, पण कानावर रोज जास्त मार बसू लागतो. अ‍ॅम्प्लिफायर घ्यावासा वाटतो तोही याच वेळी. म्हणून आमचं सांगणं असं की अ‍ॅम्पचा विचार करण्याआधी गादी बघा.

गादी कशी बदलायची?

आधी माप घ्या. गादी गोल असेल तर बाहेरचा व्यास, लांबट असेल तर लांबी आणि रुंदी दोन्ही, मिलिमीटरमध्ये मोजा. हेडफोनवर मॉडेलचा नंबर असतो, तो सांगून घेतली तर सर्वात उत्तम. नंबर पुसला असेल तर जुनी गादीच दुकानात घेऊन जा.

गादी बसवण्याचे मुख्य प्रकार तीन:

१. खाचेत अडकवलेली. गादीच्या मागे पातळ झालर असते आणि ती हेडफोनच्या खाचेत बसते. एका कडेने ओढली की निघते. नवी लावताना खालची बाजू खाचेत अडकवा आणि जुनं एटीएम कार्ड किंवा बोट फिरवत झालर हळूहळू आत ढकला. पाच-दहा मिनिटं लागतात, घाई करू नका.

२. क्लिपची. मागे प्लास्टिकची कडी असते आणि तिचे दात हेडफोनमध्ये अडकतात. सरळ ओढून किंवा किंचित फिरवून ती निघते. काही नव्या गाद्यांसोबत कडी येत नाही, म्हणून नवी हातात येईपर्यंत जुनी कडी फेकू नका.

३. चिकटवलेली. हेअर ड्रायरची कोमट हवा थोडा वेळ दिली की गोंद सैल होतो. मग हळू सोलून काढा, उरलेला गोंद पुसा आणि दुहेरी चिकटपट्टीने नवी लावा.

काम करताना एक काळजी घ्या. मधल्या जाळीमागे स्पीकरचा फार पातळ पडदा असतो. तिथे बोट, स्क्रू ड्रायव्हर किंवा चिमटा दाबू नका. जाळीवर पापुद्रे साठले असतील तर हेडफोन उलटा धरून मऊ ब्रशने झाडा. बाहेरचा आवाज कमी करणाऱ्या हेडफोनमध्ये आत छोट्या माइकचं भोक असतं, ते नव्या गादीने झाकलं जाणार नाही हे बघा.

रेक्झिनची गादी आवाज चांगला अडवते, पण घाम जास्त येतो. कापडी गादी त्वचेला सुखाची, मात्र ती थोडा आवाज गळू देते आणि पावसाळ्यात लवकर वाळत नाही. खाज-पुरळ असणाऱ्यांनी कापडी घ्यावी, गोंगाटात काम करणाऱ्यांनी रेक्झिनची. नवी गादी जुनीपेक्षा फार जाड नसावी, कारण स्पीकर कानापासून लांब गेला की आवाजाचा पोत बदलतो.

अ‍ॅम्प्लिफायर कुणाला लागतो?

ब्लूटूथ हेडफोनच्या आतच अ‍ॅम्प असतो. त्याला बाहेरचा जोडून फायदा नाही. ज्या फोनला गोल जॅक नाही, त्याच्या टाइप-सी जोडणीतही छोटा अ‍ॅम्प बसवलेला असतो. म्हणजे प्रश्न उरतो तो फक्त वायरच्या हेडफोनचा.

वायरच्या हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे बघा. पहिला ओहमचा. हा आकडा मोठा असला की तेवढाच आवाज काढायला फोनला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. दुसरा डेसिबलचा. एक मिलिवॉट वीज दिली तर आवाज किती निघतो ते हा सांगतो. आपल्याकडचे बहुतेक हेडफोन १६ ते ३२ ओहमचे असतात आणि ते फोनसाठीच बनवलेले असतात. रेकॉर्डिंगच्या कामातले काही हेडफोन वेगळे. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो एकाच नावाने ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत मिळतो. सेनहायझरचा एचडी ६०० तर ३०० ओहमचा आहे. जुन्या बाजारात स्वस्त मिळाला म्हणून २५० ओहमचा घेतला आणि फोनवर आवाज मलूल आला, तर तो बिघडलेला नाही. त्याला अ‍ॅम्प लागतो.

एक हिशेब करून बघू. साधा फोन जास्तीत जास्त अर्धा ते एक व्होल्ट देतो. अर्धा धरू. ३२ ओहमच्या, १०० डेसिबलच्या हेडफोनला त्यातून सुमारे ८ मिलिवॉट मिळतात आणि आवाज १०९ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. २५० ओहमच्या, ९६ डेसिबलच्या हेडफोनला फक्त १ मिलिवॉट मिळतो, म्हणजे ९६ डेसिबल. गाण्याची सरासरी पातळी याहून खाली असते, त्यामुळे हळू आवाजात रेकॉर्ड केलेलं काही ऐकताना दुसऱ्या हेडफोनला अ‍ॅम्पची गरज भासेल. पहिल्याला मात्र नाही. त्याला १०० मिलिवॉटचा अ‍ॅम्प जोडला तर आवाज १२० डेसिबलपर्यंत पोचू शकतो. हा आवाज कानासाठी थेट घातक आहे.

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. माइकसाठी घेतलेल्या ऑडिओ इंटरफेसला किंवा मिक्सरला हेडफोनचं भोक असतं. तोच तुमचा अ‍ॅम्प. वेगळे पैसे घालवण्याआधी तिथे लावून ऐका.

कानाचा हिशेब

आपल्या प्रत्येक कानात आत सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाचा संदेश मेंदूपर्यंत जातो तो यांच्यामुळे. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कुठलंही औषध त्या परत आणत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी मर्यादा दिली आहे: ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. लहान मुलांसाठी ७५ डेसिबल. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने ९० डेसिबलला आठवड्याचे ४ तास, ९५ला सव्वा तास आणि १०० डेसिबलला जेमतेम २० मिनिटं. दिवसाची नव्हे, अख्ख्या आठवड्याची. अनेक फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा बांधता येते. मुलांच्या फोनवर ती आजच बांधा. साधा नियम म्हणजे बटण साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये आणि तासाभराने कानाला विश्रांती द्यावी.

तरीही ऐकू येत नसेल तर

नवी गादी लावली, जाळी साफ केली, वायर बदलून पाहिली, फोनमधला डावा-उजवा तोल तपासला, दुसऱ्या फोनवरही ऐकून बघितलं. घरातल्या इतरांना त्याच हेडफोनवर नीट ऐकू येतं आणि तुम्हालाच येत नाही. आता दुकानात जाऊ नका, दवाखान्यात जा. कदाचित कानात मळ घट्ट बसला असेल आणि तो निघाला की काम होईल. कदाचित ऐकण्याची शक्ती कमी झाली असेल. हेडफोनचा अ‍ॅम्प हे श्रवणयंत्र नव्हे. तो सगळेच आवाज सरसकट वाढवतो आणि उरलेलाही कान बिघडवतो.

कानात सतत शिट्टी वाजणं, गर्दीत बोलणं न उमगणं, टीव्हीचा आवाज इतरांना मोठा वाटणं ही तपासणीची कारणं आहेत. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण उपचार लवकर सुरू झाले तर ते परत येण्याची आशा जास्त असते. मोठ्या सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागात श्रवण तपासणी होते. मुंबईत वांद्रे इथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था याच कामासाठी आहे. श्रवणयंत्र लागलंच तर केंद्र सरकारच्या एडिप योजनेत, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या दिव्यांगांना, ते सवलतीत किंवा मोफत मिळू शकतं. तिथे अर्ज करताना आधार, उत्पन्नाचा दाखला आणि दिव्यांग प्रमाणपत्र याबद्दल विचारून घ्या.

या आठवड्यात एवढं करा. घरातले सगळे हेडफोन एकदा उजेडात धरून बघा. ज्याची गादी सोलली आहे तिचं माप कागदावर लिहा आणि नवी आणा. मग तेच गाणं, तोच तास पुन्हा लावा. आवाजाचं बटण पूर्वीपेक्षा खाली ठेवूनही स्पष्ट ऐकू आलं, तर तुमचे अ‍ॅम्पचे पैसे वाचले आणि मुलाचे कानही.