व्हॉल्व्ह बदलण्याआधी

हाय-गेन गिटार अ‍ॅम्प बिघडला की पहिला संशय व्हॉल्व्हवर जातो. काचेचा, तापणारा, नाजूक, शिवाय सॉकेटमधून उपटून बदलता येणारा. म्हणून बरेच गिटारवादक परस्पर नवा संच आणून बसवतात आणि काही दिवसांतच तीच तक्रार घेऊन पुन्हा कारागिराकडे येतात. व्हॉल्व्ह जातात हे खरंच. पण पुष्कळदा व्हॉल्व्ह जातो तो दुसऱ्याच कशापायी. ते मूळ शोधलं नाही तर नवा संचही जळतो, आणि आज चांगला संच स्वस्त राहिलेला नाही.

ही यंत्रं मुळात ताण सोसत वाजण्यासाठीच घडली आहेत. 1962 मध्ये पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलला जिम मार्शल यांनी अमेरिकन फेंडर बेसमनच्या सर्किटवरून आपला पहिला अ‍ॅम्प काढला. त्या काळी आवाजाला धार यायची ती पॉवर व्हॉल्व्ह पिळून काढल्यावर, म्हणजे कान किटेपर्यंत आवाज चढवल्यावर. पुढे कॅलिफोर्नियात मेसा बूगीच्या रँडल स्मिथ यांनी सुरुवातीलाच गेनचे टप्पे वाढवले आणि शेवटी मास्टर व्हॉल्यूम ठेवला. खोलीतल्या आवाजातही सूर लांबवता येऊ लागला. मार्शलचा जेसीएम 800 (1981), सोल्डानोचा एसएलओ-100 (1987), एडी व्हॅन हेलनसाठी पीव्हीने काढलेला 5150 (1992) ही सगळी याच वाटेवरची मंडळी.

गेनच्या या टप्प्यांमध्ये काम करतो तो 12एएक्स7 हा छोटा व्हॉल्व्ह, युरोपातला ईसीसी83. एका काचेत दोन ट्रायोड, आणि प्रत्येक ट्रायोड सिग्नल पन्नास-साठ पट वाढवतो. असे तीन-चार टप्पे एकामागून एक. मध्ये रेझिस्टर घालून बराच सिग्नल मुद्दाम घालवतात, तरी उरतो तो गेन अफाट असतो. त्यामुळे पहिल्या व्हॉल्व्हच्या आत काही किंचित सैल झालं तरी ते स्पीकरमधून ऐकू येतं. गिटारला हात न लावता शिट्टी सुरू होते. तपासायला पेन्सिल पुरते: अ‍ॅम्प चालू ठेवून तिच्या रबराच्या टोकाने एकेक व्हॉल्व्ह हलकेच ठोकायचा. पहिला थोडा वाजतोच, त्याने घाबरू नये. ठोकल्यावर आवाज विरत नसेल, उलट वाढत जात असेल, तरच तो तिथून हलवावा. फेकू मात्र नये. पॉवर व्हॉल्व्हच्या अगदी आधीच्या, फेज इन्व्हर्टरच्या जागी, जिथे पुढे फारसा गेन नसतो, तोच व्हॉल्व्ह बिनतक्रार चालतो.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे वाजवता वाजवता आवाज बसतो आणि तारांवर जोरात हात मारला की परत येतो. इथे बहुतेकदा व्हॉल्व्हचा काडीचाही संबंध नसतो. अनेक अ‍ॅम्पमध्ये प्रीअ‍ॅम्पचा सिग्नल पॉवर अ‍ॅम्पकडे जाताना इफेक्ट्स लूपच्या रिटर्न जॅकमधल्या बारीकशा पत्र्याच्या पट्टीवरून जातो. लूप वापरात नसेल तर त्या पट्टीला वर्षानुवर्षं कोणी हलवत नाही आणि तिच्यावर थर चढतो. मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या खाऱ्या, दमट हवेत तर लवकरच. सेंड आणि रिटर्नमध्ये एक छोटी केबल लावून बघावं. आवाज आला तर दोष सापडला. जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग पाच-दहा वेळा आत-बाहेर केला की बहुतेकदा काम होतं.

पॉवर व्हॉल्व्हच्या बाजूचे दोष मात्र महागात पडतात. ईएल34 या पॉवर व्हॉल्व्हच्या प्लेटवर साडेचारशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतात, आणि त्याला आवर घालतं ते ग्रिडवरचं उणे व्होल्टेज, म्हणजे बायस. या प्लेटची क्षमता 25 वॅटची. काही वाजत नसताना तिच्या सत्तर टक्क्यांवर राहावं, म्हणजे 450 व्होल्टला सुमारे 39 मिलिअँपिअर, हा कारागिरांचा ठोकताळा. बायस गेला की करंट बेफाम वाढतो आणि प्लेट लालबुंद होते. अशा वेळी अ‍ॅम्प ताबडतोब बंद करावा. मग व्हॉल्व्ह काढून पाचव्या पिनवर उणे व्होल्टेज पोचतंय का, ते मीटरने बघावं. वाळलेला कंडेन्सर, गळका कपलिंग कंडेन्सर, बेसखालचं ड्राय सोल्डर, यांपैकी काहीतरी हाती लागतं. छापील बोर्डावरच बेस बसवलेले असले की रोजच्या तापण्या-निवण्याने सोल्डरला गोल तडा जातो. भिंगाशिवाय तो दिसतही नाही. मार्शलच्या जेसीएम 2000 मालिकेतल्या काही बोर्डांची तर कथाच वेगळी. तापल्यावर बोर्डच थोडी वीज वाहू लागतो आणि बायस आपोआप सरकत जातो. थंड अ‍ॅम्प तपासणाऱ्याला यातलं काही कळत नाही, आणि बिचारे व्हॉल्व्ह बदनाम होतात.

व्हॉल्व्ह आतून शॉर्ट झाला की त्याच्या स्क्रीनचा रेझिस्टर आणि एचटी, म्हणजे उच्च व्होल्टेजचा फ्यूज जातो. मार्शलमध्ये हा रेझिस्टर सहसा एक किलोओहम, पाच वॅटचा. तो जळतो तेव्हा ट्रान्सफॉर्मर वाचलेला असतो. नवा संच घालताना तो तपासलाच नाही तर संचातला एक व्हॉल्व्ह नुसताच उजेड देत बसतो. आणि फ्यूज उडतो म्हणून जास्त अँपिअरचा घालणं हा तर अपराधच मानतो मी. दहा-वीस रुपयांच्या फ्यूजऐवजी अ‍ॅम्पमधला सर्वांत महाग भाग, ट्रान्सफॉर्मर, जळायला ठेवला जातो.

स्पीकर न जोडता अ‍ॅम्प वाजवणंही तसंच घातक. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि बेसवर तिसऱ्या पिनपासून शेजारच्या हीटरच्या पिनपर्यंत ठिणगी पडते. मागे कोळशाची काळी रेघ राहते, आणि कोळसा वीज वाहतो. ती रेघ खरवडून भागत नाही, बेसच बदलावा लागतो.

आपल्याकडे आणखी एक घात होतो तो अमेरिकेहून आणलेला 120 व्होल्टचा अ‍ॅम्प थेट 230 व्होल्टला लावण्याचा. मागच्या पट्टीवरचा आकडा वाचून, गरज असेल तर पुरेशा वॅटचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावावा. आणि न तपासलेला कोणताही अ‍ॅम्प आधी सिरीज बोर्डावरच, म्हणजे मध्ये बल्ब जोडून, चालू करावा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची ही जुनी पद्धत इथे जशीच्या तशी उपयोगी पडते: बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे.

व्हॉल्व्ह जपून वापरण्याला आता वेगळंही कारण आहे. एके काळी बेंगळुरूत भारत इलेक्ट्रॉनिक्स रेडिओचे व्हॉल्व्ह बनवत असे. आज जगभरच्या गिटारवादकांची भिस्त मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधल्या मोजक्या कारखान्यांवर आहे. मार्च 2022 मध्ये रशियाने निर्यात रोखली तेव्हा सगळ्यांचे धाबे दणाणले होते.

झाकण उघडणाऱ्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये चारशेहून अधिक व्होल्ट राहू शकतात आणि ते जीव घेऊ शकतात. रेझिस्टरमधून ते उतरवावेत, मीटरवर शून्याजवळ आल्याची खात्री करावी, मगच हात घालावा. सवय नसेल त्याने हे काम जाणत्यावरच सोपवावं. दुरुस्ती झाल्यावरही अ‍ॅम्प पाच मिनिटं वाजवून परत नेऊ नये. मागची बाजू बंद करून, स्पीकरऐवजी डमी लोड लावून तो तासभर चांगला तापू द्यावा आणि बायस पुन्हा मोजावा. आकडा सुरुवातीइतकाच असेल तर दोष खरोखर निघालेला असतो.