छायाचित्राच्या पाठीवरील अक्षरे

आमच्या मंडळींच्या बहुतेक घरांत पत्र्याचा एक डबा किंवा जुनी सूटकेस जपून ठेवलेली असते. इस्रायलला येताना पाटा-वरवंटा मागे राहिला, पितळेची भांडी विकावी लागली, पण छायाचित्रे बरोबर आली. त्यांतील पुष्कळांच्या पाठीवर शाईने वा पेन्सिलीने काही लिहिलेले आढळते : अलिबाग, पेण, रेवदंडा, डावीकडून पहिले अमुक काका, मांडीवरचे मूल तमुक. ही अक्षरे देवनागरी आहेत, आणि लोद वा दिमोना येथे जन्मलेल्या आमच्या नातवंडांपैकी फारच थोड्यांना ती वाचता येतात.

अलीकडे घरोघरी ही छायाचित्रे संगणकात उतरविली जात आहेत. काम स्तुत्य आहे. परंतु स्कॅनर पुढची बाजू पाहतो. पाठ त्याला दिसत नाही.

आमच्याच घरी घडलेली चूक सांगतो. १९५६ साली अलिबागेस झालेल्या एका लग्नाचे छायाचित्र आम्ही संगणकात घेतले. पांढऱ्या साडीतील नवरी, भोवती एकतीस माणसे. पुढे घर बदलताना कागदी प्रत हरवली, आणि तिच्याबरोबर पाठीवरची नावेही गेली. नव्वदी गाठलेल्या आमच्या मावशींना ती माणसे अजून ओळखू येतात, म्हणून त्या सांगतील तसतशी नावे आम्ही छायाचित्राच्या खालच्या कडेवरच लिहू लागलो. एक नाव लिहिले, जतन केले. दुसऱ्या दिवशी थोडे उजळले, कडा कातरली, पुन्हा जतन केले. महिनाभरात मागच्या रांगेतील चेहरे धुरकट झाले. मावशी म्हणाल्या, ‘‘अरे, कालपर्यंत दिसत होता तो!’’ सुदैवाने पहिल्याच दिवशी भाच्याला ई-मेलने पाठविलेली प्रत शाबूत निघाली.

असे का व्हावे? संगणकातील बहुतेक छायाचित्रे जेपेग या पद्धतीने साठविलेली असतात. तिचे प्रमाणीकरण १९९२ साली झाले. जागा वाचावी म्हणून ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडते आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देते. टाकलेले परत येत नाही. नुसते उघडून पाहिल्याने काही बिघडत नाही. पण चित्रात फेरफार करून पुन्हा जतन केले की ही गाळणी पुन्हा चालते. म्हणूनच मूळ स्कॅन शक्यतो टिफ स्वरूपात करून अलग ठेवावे. त्यात सहसा काही गाळले जात नाही.

नावे लिहिण्यासाठी चित्राला हात लावण्याची मुळीच गरज नव्हती. फाइलमध्ये चित्राखेरीज माहितीचे वेगळे कप्पे असतात. या माहितीला मेटाडेटा म्हणतात. कॅमेरा ज्यात तारीख नोंदवितो तो एक्झिफ हा कप्पा जपानी उद्योगसंघटनेने १९९५ साली ठरविला. अडोबी कंपनीने २००१ मध्ये आणलेला एक्सएमपी आमच्या अधिक उपयोगाचा, कारण त्यात देवनागरी व हिब्रू दोन्ही नीट बसतात. छायाचित्राची पाठ ती हीच, असे समजा. फिल हार्वी यांचा एक्झिफटूल हा विनामूल्य कार्यक्रम फक्त हे कप्पे बदलतो, चित्राचा भाग जसाच्या तसा उतरवून घेतो आणि एरवी जुनी फाइलही बाजूला राखून ठेवतो. मात्र त्याला आज्ञा टाइप कराव्या लागतात. ते जड वाटल्यास डिजिकॅम वापरावा. तोही विनामूल्य आहे, आणि त्यात चेहऱ्याभोवती चौकट आखून तिला नाव देता येते. काही कार्यक्रम तुमचे टिपण फाइलमध्ये न लिहिता आपल्याच वहीत ठेवतात. म्हणून एक फाइल दुसऱ्या संगणकावर नेऊन टिपण तेथे दिसते का, हे आधी पाहावे. टिपणाने फाइल किंचित वाढते. ती एकदम बरीच लहान झाली, तर चित्र पुन्हा दाबले गेले असा संशय धरावा.

तारखेचीही एक गंमत आहे. आमच्या भाच्याच्या संगणकाने स्कॅनचा दिवस हाच छायाचित्राचा दिवस मानला आणि १९५६ चे लग्न नातीच्या बारशानंतर नेऊन बसविले! एक्सएमपीत नुसते साल लिहिले तरी चालते. दिवस ठाऊक नसेल तर १ जानेवारी असे दडपून लिहू नये. पन्नास वर्षांनी कोणीतरी ते खरे मानील.

आणि हे सर्व केल्यावर छायाचित्र व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठविले, तर वाटेत चित्र पुन्हा दाबले जाते आणि टिपणेही पुसली जातात. पाठवायचेच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोहोचते.

मावशींनी आजवर बावीस नावे सांगितली आहेत. प्रत्येक नाव आम्ही मराठीत व हिब्रूत लिहिले आहे. मागच्या रांगेतील काळ्या टोपीवाल्याचे नाव त्यांनी दोनदा वेगवेगळे सांगितले, तेव्हा दोन्ही नावे प्रश्नचिन्हासह नोंदविली. उरलेल्या नऊ जणांसाठी येत्या शनिवारी, शब्बाथ सुटल्यावर, पुन्हा बसणार आहोत.