गटार उलटे का वाहते?

सभासद बंधूंनो, ओढ्याला पूर आला की शेताचा चर तुंबतो, हे आपण जाणतोच. नवी मुंबईची तीच गत. सिडकोने १९७० नंतर वसवलेल्या या शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली. म्हणून धारण तलाव केले. भरतीला त्यांची झडपदारे बंद होतात, पावसाचे पाणी तलावात थांबते नि ओहोटीला खाडीत जाते. पण तलाव गाळाने भरला की पाणी रस्त्यावर! मग कोणीतरी मैल्याच्या गटाराचे झाकण उघडतो, बिचारा भल्यासाठीच. संडास-मोरीपुरत्या त्या नळाला पाऊस पेलत नाही, पंप कमी पडतात, आणि सखल घरांत मोरीतूनच मैला वर येतो. पाठोपाठ हगवण, कावीळ.

आपल्याकडेही कोणी पन्हाळीचे पाणी भुयारी गटारात सोडले असेल, तर ते आधी तोडा. जवळ विहीर असेल तर आजच.