स्वयंपाकघरात जन्मलेले मऊ भिंग

कॉलेजात जाऊ लागलेली मुलगी एके दिवशी हळूच विषय काढते, ‘आई, मला चष्मा नको. लेन्स घ्यायच्या आहेत.’ डोळ्यात काही घालायचे या कल्पनेनेच आईच्या पोटात गोळा येतो. पण बोटावर ठेवलेली ती ओलसर, पारदर्शक चकती पाहिली की भीती थोडी ओसरते. ती मऊ असते, कारण ती पाणी प्यायलेली असते.

फालुद्यातला सब्जा आठवा. कोरडे बी पाण्यात पडले की त्याभोवती बुळबुळीत आवरण फुगते. पाणी धरून ठेवणारे, पण पाण्यात न विरघळणारे असे जाळे म्हणजेच हायड्रोजेल. मऊ लेन्सच्या मूळ पदार्थात वजनाच्या सुमारे ३८ टक्के पाणी असते. डोळ्याच्या कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः हवेतून, अश्रूंवाटे. जुन्या कडक प्लॅस्टिकच्या लेन्समधून तो पार होत नसे, शिवाय त्या टोचत. या नव्या पदार्थातल्या पाण्यातून मात्र तो थोडाफार झिरपतो.

हा पदार्थ घडवला चेकोस्लोव्हाकियातले रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले आणि त्यांचे सहकारी द्राहोस्लाव्ह लिम यांनी. १९६० मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा निबंध आला. पण साच्यातून काढताना लेन्सच्या कडा फाटत. आरोग्य खात्याने हे काम थांबवले.

विख्टर्ले थांबले नाहीत. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरातल्या टेबलावर मुलांच्या ‘मर्कुर’ खेळण्याचे, म्हणजे आपल्याकडच्या मेकॅनोसारख्या संचाचे, सुटे भाग जोडले. सायकलच्या दिव्याचा डायनामो मोटर म्हणून लावला. फिरत्या साच्यात द्रवाचे थेंब सोडले. फिरण्याच्या जोराने द्रव कडेला सरकला आणि आतली बाजू आपोआप गुळगुळीत, खोलगट झाली. चार लेन्स तयार झाल्या. त्या त्यांनी आधी स्वतःच्याच डोळ्यात घालून पाहिल्या. पुढच्या काही महिन्यांत पत्नीच्या मदतीने घरीच हजारो लेन्स बनल्या.

पुढे पेटंटचे हक्क अमेरिकेत गेले आणि १९७१ मध्ये तिथे मऊ लेन्सला सरकारी मान्यता मिळाली. त्याआधीच, १९७० मध्ये, विख्टर्ले यांचे संचालकपद गेले होते. गुन्हा एवढाच, की १९६८ मध्ये त्यांनी ‘दोन हजार शब्द’ या जाहीरनाम्यावर सही केली होती. साम्यवादी राजवट कोसळल्यावर १९९० मध्ये ते विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर लवकरच सिलिकॉन हायड्रोजेलच्या, अधिक प्राणवायू पार होऊ देणाऱ्या लेन्स बाजारात आल्या.

आता त्या मुलीच्या आईसाठी दोन शब्द. जे पाणी पिते, ते पाण्यातले बरेवाईटही पिते. हाच या लेन्सचा गुण आणि हाच धोका. नळाच्या पाण्यातही अकांथअमीबा हा सूक्ष्मजीव असू शकतो आणि तो दृष्टी हिरावून घेऊ शकतो. म्हणून लेन्स कधीही साध्या पाण्याने धुऊ नये, लेन्स घालून पोहू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय झोपू नये. हात साबणाने धुऊन पुरते कोरडे करावेत, द्रावण रोज नवे घ्यावे. डोळा लाल झाला, दुखला की लेन्स काढून तडक डॉक्टरांकडे जावे.

एवढे सांभाळता येत असेल, तर मुलीला खुशाल ‘हो’ म्हणावे.