कॅम्पस इंटर्नशिप : चाचणी ते ऑफर

उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी बऱ्याच कंपन्या आदल्या जुलै-ऑगस्टपासूनच कॅम्पसवर येऊ लागतात. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं. पहिली चाळणी सीजीपीएची. केटी राहिली असेल तर अनेक ठिकाणी बसूच देत नाहीत.

मग हॅकररँकसारख्या प्लॅटफॉर्मवर कोडिंग चाचणी. नमुना टेस्ट केसेस पास झाल्या म्हणून हुरळू नये. गुण बहुधा लपवलेल्या केसेसवर ठरतात.

मुलाखतीतला एक हमखास प्रश्न : यादीतल्या कोणत्या दोन संख्यांची बेरीज दिलेल्या आकड्याइतकी होते? प्रत्येक जोडी तपासायची म्हटलं, तर एक लाख संख्यांच्या जवळपास ५०० कोटी जोड्या होतात. पाहिलेल्या संख्या हॅश मॅपमध्ये ठेवत गेलं, तर यादीवरून एकच फेरी पुरते. मेमरी मात्र जास्त लागते. ही किंमत स्वतःहून सांगावी, मुलाखत घेणारे तेच ऐकायला बसलेले असतात. ‘यादी आधीच चढत्या क्रमाने लावलेली असेल तर?’ एवढ्या उपप्रश्नाने पाठांतर उघडं पडतं. (तेव्हा दोन्ही टोकांकडून आत सरकत यायचं, जादा मेमरी लागत नाही.)

रेझ्युमेवरच्या प्रोजेक्टबद्दलही खोलात विचारतात. गटातल्या मित्राने लिहिलेला भाग समजला नसेल, तर तो आपला म्हणून लिहूच नये.

इंटर्नशिपमधलं काम आवडलं, तर कंपनी पीपीओ, म्हणजे पदवीनंतरच्या नोकरीचा प्रस्ताव, देऊ शकते.