खालांचा हात पुन्हा कामाला लागला

आमच्या घरात कॅन्सर आला तो खालांच्या स्तनातील गाठीच्या रूपाने. ऑपरेशन झाले, केमोथेरपी झाली, रिपोर्ट चांगले आले. आम्ही अल्लाहचे शुक्र मानले आणि खालांना सांगून टाकले, "आता तुम्ही फक्त आराम करा." कणीक मळणे, कपडे वाळत घालणे, इतकेच काय, चहा करणेही आम्ही त्यांच्याकडून काढून घेतले. प्रेमापोटीच. पण दोन महिन्यांत खाला अबोल झाल्या. एकदा म्हणाल्या, "आजार गेला, पण मी या घरात पाहुणी झाले."

पुढच्या तपासणीत आम्ही हे डॉक्टरांना सांगितले. त्यांनी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवले. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात. इथे व्यवसाय म्हणजे नोकरी-धंदा नव्हे; आंघोळ, स्वयंपाक, नमाज, नातवंडांना खेळवणे, दिवसभरात माणूस जे जे करतो ते सारे.

थेरपिस्ट बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "कोणते काम सुटल्याचे सगळ्यात जास्त वाईट वाटते?" खाला म्हणाल्या, "स्वतःची वेणी घालणे आणि चपात्या." उपचार तिथूनच सुरू झाला.

काखेतील गाठी काढल्यावर खांदा आखडतो, हाताला सूज येऊ शकते. म्हणून भिंतीवर बोटे हळूहळू वर चढवण्याचा व्यायाम आणि लांब दांड्याचा कंगवा. कणीक थोडीच, तीही बसून मळायची. भरलेली बादली त्या हाताने उचलायची नाही. हाताला कापू-भाजू द्यायचे नाही. सूज वाढली, हात लाल झाला किंवा ताप आला तर लगेच डॉक्टर गाठायचे.

केमोच्या काही औषधांनी बोटे बधिर होतात, गरम तवा कळत नाही. खालांना चिमटा वापरायला आणि पाण्याचा गरमपणा चांगल्या हाताच्या कोपराने पाहायला शिकवले. राहिला थकवा. हा थकवा नुसत्या झोपेने जात नाही. सतत पडून राहिल्याने उलट वाढतो. अंगात जोर असतो त्या वेळी महत्त्वाचे काम, मध्ये विश्रांती, बाकीचे घरच्यांनी वाटून घ्यायचे. वुजू स्टुलावर बसून, थकवा फार असेल तेव्हा नमाज खुर्चीवर.

तंबाखू-गुटख्याने होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये उपचारानंतर जबडा आखडतो, घास तोंडात जात नाही. तिथेही तोंड उघडण्याचे व्यायाम आणि जेवणाची सोय हे थेरपिस्ट बसवून देतात.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाई निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिचे शिक्षण सुरू केले. शेजारच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही आज हा विभाग आहे. तरीही अनेक कुटुंबांना त्याची माहिती नसते, आम्हालाही नव्हती. म्हणून आपल्या घरात असा रुग्ण असेल तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा. व्यायाम मात्र ऐकीव माहितीवर करू नका. प्रत्येकाचे ऑपरेशन वेगळे असते.

खाला आता रोज चारच चपात्या लाटतात. बाकीच्या आम्ही. पण मीठ किती, तवा केव्हा तापला, हे त्याच ठरवतात. "आराम करा" असे आम्ही आता म्हणत नाही. "खाला, जरा बघता का?" असे म्हणतो, आणि त्या उठून येतात.