तानपुऱ्यात येणारी टकटक

शारजातील रोल्लासारख्या भागात राहून भारतातल्या गुरूंकडे ऑनलाइन गाणं शिकणाऱ्यांना एक त्रास हमखास भेटतो: तानपुरा लावून रेकॉर्डिंग करताना मधूनच ‘टक्’ असा आवाज. बोलण्यात तो विरून जातो, अखंड नादात मात्र कानाला टोचतो. दोष इंटरनेटला दिला जातो, पण रेकॉर्डिंग लॅपटॉपवरच होत असेल तर त्याचा संबंध नसतो.

यूएसबी माइक आणि लॅपटॉपचं साउंड कार्ड, दोन्हींत आपापला क्वार्ट्झ स्फटिक, म्हणजेच आपापलं घड्याळ असतं. दोन्हीकडे सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने (सॅम्पल) असं सेटिंग असलं, तरी दोन स्फटिक तंतोतंत एका गतीने चालत नाहीत. दहा लाखांत 50 चा फरक धरला, तर सेकंदाला 2.4 नमुन्यांची तफावत पडते. बफर, म्हणजे नमुने तात्पुरते साठवण्याची जागा, 512 नमुन्यांचा असेल, तर साडेतीन मिनिटांत तेवढी तफावत साचते. नमुने गळतात किंवा कमी पडतात, आणि टकटक ऐकू येते.

म्हणून आधी दोन आवाजांमधलं अंतर मोजा. ते ठरावीक असेल तर संशय घड्याळांवर घ्या. कसंही, कधीही येत असेल तर बहुधा प्रोसेसरवर ताण आहे, बफर वाढवून पाहा. सूरच चढा-उतरा वाटला, तर कुठेतरी सेकंदाला 44,100 आणि 48,000 नमुने या दोन सेटिंगची गल्लत झालेली असते.

खात्रीचा उपाय एकच: हेडफोन माइकलाच किंवा त्याच ऑडिओ इंटरफेसला जोडा, म्हणजे घड्याळ एकच राहतं. मॅकवर दोन उपकरणं एकत्र वापरायचीच असतील, तर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये दुय्यम उपकरणापुढे ‘ड्रिफ्ट करेक्शन’ची खूण करा. नवं साउंड कार्ड विकत घेण्याआधी एवढं जरूर करून पाहा.